तारेवरचा पुठ्ठा

आधी माफी मागतो. लिहिण्याचा माझा अधिकार नाही हे मला ठाऊक आहे. माझी सगळी शाळा हिंदीतून झाली. मराठी आमच्या घरात बोलली जाते, लिहिली जात नाही. लिहायची वेळ आलीच तर ती लग्नाच्या पत्रिकेपुरती, आणि तेव्हाही छापखान्यातला माणूसच मजकूर लिहून देतो. आई सही करायला शिकली ती मी कॉलेजात गेल्यावर. अशा घरातल्या मुलाने एखाद्या माणसाबद्दल पानंच्या पानं लिहावीत, हे मला अजून थोडं उद्धटपणाचं वाटतं.

पण छिंदवाड्याला आमच्या कॉलेजजवळ एक मराठी मंडळ आहे आणि त्यांचा वर्षाला एक अंक निघतो. मंडळाच्या बाईंनी मला विचारलं, "तुला विचार करायला कोणी शिकवलं?" मी नत्थूजींचं नाव घेतलं. "काय शिकवायचे ते?" मी म्हणालो, "अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या दोन संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली, तर त्यात जिंकलं कोण, हे कसं ठरवायचं ते शिकवायचे." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हेच लिही." म्हणून लिहितो आहे. शुद्धलेखन बाईंनी तपासलं आहे. बाकीच्या चुका माझ्या.

नत्थूजींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी नववीत होतो. पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला मुलं बास्केटबॉल खेळतात असं कळल्यावर मी सावरगावहून जाम नदीचा पूल ओलांडून गेलो. मैदानाला रिंग एकच होती. तिच्याखाली एक बारीकसा म्हातारा माणूस उभा होता. पायजमा, वर स्वेटर, हातात एक संत्रा. तो संत्रा ते खात नव्हते, नुसता तळहातावर तोलत होते.

"उडी मार," ते म्हणाले.

मी मारली.

"आता उतर."

"उतरलो ना."

"परत मार. मी उडी नाई पाहून राह्यलो बे, उतरनं पाहून राह्यलो. उडी तं कोनीबी मारते."

मी पाच-सहा उड्या मारल्या. ते वाकून माझ्या टाचा पाहत होते. मग त्यांनी तो संत्रा मला दिला. संत्रा मिळाला म्हणजे संघात घेतलं, हे मला इतर मुलांनी नंतर सांगितलं.

त्यांना सगळे काकाजी म्हणत, म्हणून मीही पुढे काकाजीच लिहितो. त्यांचा धंदा बाग पाहण्याचा. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच व्यापारी सगळी बाग विकत घेतात. त्याआधी कोणीतरी बागेतून फिरून सांगावं लागतं, की यातून किती माल निघेल, कसा निघेल आणि किती गळून जाईल. काकाजी हे सांगायचे. ते ओळींमधून चालायचे, मध्येच एखाद्या झाडाच्या बुंध्याशी बसायचे, साल नखाने खरवडून पाहायचे. फळाकडे सगळ्यात शेवटी पाहायचे. तरुणपणी ते संत्र्याच्या ट्रकबरोबर नागपूरला जात आणि हंगामभर तिथेच राहत. त्यांच्या मुक्कामाशेजारी बास्केटबॉलचं मैदान होतं. तिथे आधी नुसतं पाहिलं, मग खेळले, मग शिट्टी वाजवायला लागले. परत आले तेव्हा पांढुर्ण्यात हा खेळ घेऊन आले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुले इंग्रजी येते का?"

"थोडी."

"मंग खेळ झाल्यावर शेडवर येत जाय. मले वाचून दाखव."

शेड म्हणजे स्टेशनकडच्या रस्त्यावरची संत्र्यांची शेड. तिथे बायका ओळीने बसून संत्री निवडत, त्यांत माझी आईही होती. तिकडे अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा इकडे सकाळ असते. त्यामुळे तिथले सामने काकाजी बरोबर न्याहारीच्या वेळी पाहायचे. उपड्या घातलेल्या क्रेटला मोबाइल टेकवलेला, समोर चहा. भाषा कळत नव्हती पण खेळ कळत होता. अडायचं ते एकाच ठिकाणी. फेब्रुवारी आला की तिकडच्या संघांमध्ये अदलाबदलीची धावपळ सुरू होते. तुमचा हा आम्हाला द्या, आमचे हे दोन घ्या. मैदानावर कालपर्यंत निळ्या कपड्यांत दिसणारा माणूस आज पांढऱ्यात दिसला की काकाजी अस्वस्थ व्हायचे. काहून गेला? कोणी पाठवला? बदल्यात काय आलं? हे कळायला इंग्रजी वाचणारं कोणीतरी हवं होतं.

खेळाडूंची नावं त्यांना म्हणता येत नसत, म्हणून ते आपली नावं ठेवायचे. मीही तीच लिहितो. पहिल्या वर्षीच एक मोठा सौदा झाला. डोंगराकडच्या एका संघाने आपला सगळ्यात मोठा खेळाडू समुद्राकाठच्या संघाला दिला. याचं नाव काकाजींनी 'पाटील' ठेवलं होतं, कारण चेंडू कुणाकडेही असो, तो हात पुढे करून मागायचा आणि सगळे निमूट द्यायचे. बदल्यात डोंगरवाल्यांना तीन तरुण मुलं मिळाली. एक 'लंबू', एक 'डावखुरा' आणि तिसरा कोणाशी बोलताना कधी दिसला नाही म्हणून 'गुमसुम'. शिवाय पुढच्या दोन वर्षी नव्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याचा हक्क. हा हक्क काय असतो ते मला समजावून सांगता येईना. काकाजींनीच मला थांबवलं.

"मतलब कलमं. आज फळ नाई, पन जमीन धरली. लागली तं लागली. समजलं, पुढं वाच."

मी पुढे वाचलं. सगळ्या इंग्रजी बातम्यांमध्ये त्याच दिवशी निकाल लागलेला होता. कोणी समुद्रवाल्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते, कोणी डोंगरवाल्यांना नापास केलं होतं. काकाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"आजच? हे फुलावर बाग मोजून राह्यले का? अजून फूल गळन, मंग बोराएवढं फळ गळन, मंग गारपीट हाये. आन् हे आजच क्रेट मोजून मोकळे."

"मग कधी मोजायचं काकाजी?"

"तीन बहार जाऊ दे."

पलीकडून निवडणाऱ्या बायकांतल्या गोदामावशी म्हणाल्या, "तीन सालांनी त्या पाटलाले नातू होईन, काकाजी."

"होऊ दे. तो नातू कसा उतरते तेबी पाहून घेऊ."

मग त्यांनी खोक्याचा एक पुठ्ठा फाडला. पेट्यांवर निशाणी करायच्या जाड निळ्या पेनाने त्यावर लिहिलं: कोण दिला, कोण घेतला, तारीख, आणि खाली स्वतःचा अंदाज. शेडच्या एका भिंतीवर आडवी तार बांधलेली होती. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्याने तो पुठ्ठा लटकवला. तिथे आधीचे सात-आठ पुठ्ठे होतेच. तीन वर्षं पूर्ण झाली की पुठ्ठा खाली उतरायचा आणि मागच्या बाजूला निकाल लिहिला जायचा. त्याआधी कोणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच, "टाइम झाला नाई."

मला या माणसाचं फार कुतूहल वाटायला लागलं. पांढुर्ण्यात बसून दूर देशातल्या, आपल्याला नावानेही हाक मारता येत नाही अशा माणसांचा ते इतका विचार का करतात? मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "बाग पाह्यली का मले मानूस सांगते, बरोबर सांगतलं. सहा महिन्यांनी माल निघाला का कोनी येत नाई सांगाले, बरोबर होतं का चूक होतं. या खेळाचं मले मालूम पडते. तिकडचं सगळं दिसते ना."

सौदा कसा पाहायचा याचीही त्यांची एक रीत होती. कोण मोठा खेळाडू आहे, हे ते शेवटी पाहत. आधी विचारत, "देनारा काहून देऊन राह्यला?" चांगली बाग कोणी देत असेल तर विहिरीत डोकावून ये, असं ते म्हणायचे. पाटलाच्या सौद्याच्या वेळी मी चार दिवस बातम्या शोधल्या आणि एका ठिकाणी वाचलं, की मागच्या वर्षी त्याच्या गुडघ्यावर उपचार झाले होते. मी सांगितलं तेव्हा काकाजी जुने सामने लावून बसले. एक दृश्य परत परत पाहत होते. पाटील उडी मारतो, चेंडू टाकतो, खाली येतो. खाली येताना सगळा भार उजव्या पायावर.

"डिंक्या लागला," ते म्हणाले. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो त्या रोगाला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. झाड वरून हिरवंगार दिसतं, फळही धरतं.

बारावीपर्यंत मी आकड्यांच्या बाजूने बराच शहाणा झालो होतो. एकदा मी वहीच्या मोठ्या कागदावर तक्ता करून आणला. खेळाडू, वय, सामने, मिळवलेले गुण, दिलेले पास. काकाजींनी तो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला. आकडे त्यांना वाचता येत होते.

"लय मेहनत केली. पन यात घर सुटल्याचा रकाना कुठं हाये?"

"तो आकडा मिळत नाही काकाजी."

"मिळत नाई म्हनून सोडून देल्ला? उभं झाड उपटून दुसऱ्याच्या वावरात लावलं तं ते साल-दोन साल रुसते. कधी तं बोलतच नाई. त्याची बायको पोरं तिकडंच राह्यली असन का संग आली असन? इचार कर. रकाना रिकामा ठेव, पन ठेव."

मी तो रकाना आखला. अजून माझ्या वह्यांमध्ये मी असा एक रिकामा रकाना ठेवतो. कॉलेजात सांख्यिकीच्या सरांनी एकदा विचारलं होतं, हे काय आहे. मी वही मिटली.

आता माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

संक्रांतीनंतर पांढुर्ण्याचा क्लब आणि सौंसरचा क्लब यांचे सामने होतात. क्लब म्हणजे काय, आठ-नऊ मुलं. कोणाची परीक्षा असते, कोणी तोडणीला बागेत गेलेलं असतं. त्यामुळे सामन्यांआधी दोन्ही क्लब एकमेकांकडून मुलं मागून नेत आणि हंगाम झाला की परत करत. ही जुनी पद्धत होती. सौंसरच्या क्लबचे प्रमुख तिथल्या एका शाळेतले खेळाचे सर. त्यांना सगळे सर म्हणत. काकाजी आणि ते रोज फोनवर तिकडच्या सौद्यांवरून भांडायचे. सर एकदा म्हणाले होते, "काकाजी, तुमी नुसते पुठ्ठे लटकवता. एखादा सौदा करून दाखवा."

मी बारावीत होतो त्या जानेवारीत काकाजींनी सौदा केला. परतीचा नाही, पक्का. त्यांनी सौंसरकडून रामाकोन्याचा राजू घेतला. राजू सहा फुटांच्या वर होता आणि आदल्या रविवारी एका सामन्यात त्याने आमच्या पाचही जणांच्या डोक्यावरून चेंडू काढले होते. त्याच्या बदल्यात त्यांनी सौंसरला दिलं मला, आणि एक नवा चेंडू.

मला हे मैदानावर सगळ्यांसमोर कळलं. काकाजींनी पुठ्ठे दोन फाडले. सौद्याला दोन बाजू असतात म्हणून एक इथल्या तारेवर, एक सौंसरच्या क्लबच्या खोलीत. दोन्हींवर एकच मजकूर. दिला: सावरगावचा पोट्टा, चेंडू १. घेतला: रामाकोन्याचा राजू.

मुलांनी अर्थातच सोडलं नाही. "चेंडूसंग दिलं बे तुले," एक म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "पन चेंडू काहून दिला? एकट्याले घेत नव्हते का?" गोटमारीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं नदीवर एकमेकांना दगड मारतात त्या जत्रेला, आमचं सावरगाव नदीच्या एका काठावर असतं आणि पांढुर्णं दुसऱ्या. त्यावरून आणखी एक म्हणाला, "तू तसाबी पलीकडचाच." मीही हसलो. घरी येताना पुलावर मात्र थांबलो. माझ्या खेळाचं सोडा, पण चार वर्षं मी रोज त्या माणसाला वाचून दाखवत होतो. मला त्यांचा पहिला प्रश्न सारखा आठवत होता. देणारा का देतो आहे? माझ्या विहिरीत त्यांनी काय पाहिलं?

शेडवर जाऊन मी तो प्रश्न विचारला. त्यांनी तारेकडे बोट दाखवलं.

"टाइम झाला नाई."

तीन आठवड्यांनी पाटलाच्या सौद्याला तीन वर्षं पूर्ण झाली. मी जाणार नव्हतो. पण निकाल काय लागतो हे कळल्याशिवाय मला राहवेना, म्हणून गेलो आणि दाराशीच उभा राहिलो. काकाजींनी पुठ्ठा उतरवला. बायकांनी हात थांबवले. या निकालांच्या वेळी चहा काकाजींकडून असे.

"पाटील दीड साल खेळला. मंग गुडघा गेला. समुद्रवाले हारले. लंबूले डोंगरवाल्याईनं पुढं देऊन टाकला, तिथं तो ठीक हाये. कलमं दोन, एक लागलं, एक वाळलं. आता माहा अंदाज." त्यांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला आणि सगळ्यात खालची ओळ मोठ्याने वाचली. "डावखुरा चमकन. चूक. डावखुरा जसा होता तसाच हाये. झाड बनला तो गुमसुम. त्याच्याकडं मी पाह्यलंच नाई. तो बाकावर बसून राहे ना, म्हनून. माही नजर चुकली, लिहून ठेवतो."

"चुकली तं एवढे खुश काहून दिसून राह्यले?" गोदामावशींनी विचारलं.

"खुश नाई तं काय. चुकी कुठं झाली ते सापडलं ना."

त्यांनी मला पाहिलं होतं की नाही कोण जाणे. पण त्या दिवशी मी सौंसरच्या बसमध्ये बसलो तेव्हा मला वाटत होतं, मीही एक गुमसुम आहे. कोणीतरी तीन वर्षांनी माझ्याकडे पाहील.

सौंसरला मी चांगला खेळलो असं सर म्हणतात. मला आठवते ती एकच रात्र. सरांच्या घरी मुक्काम होता आणि मी त्यांच्या टेबलावर बसून सामन्याचा तक्ता करत होतो, रिकाम्या रकान्यासकट. सरांनी तो पाहिला आणि विचारलं, "बारावीनंतर काय करून राह्यला?" मी म्हणालो, "शेडवर लागेन." दुसऱ्या दिवशी सरांनी छिंदवाड्याच्या कॉलेजचा फॉर्म आणला, पुढे वसतिगृहाची सोय पाहिली आणि पहिल्या दिवशी माझ्याबरोबर बसने आले. आमच्या घरातलं कोणी कॉलेजच्या दारापर्यंतही गेलं नव्हतं. आई तर मला निरोप देताना विचारत होती, की तिथे जेवायला घंटा होते का.

इकडे राजू पांढुर्ण्यासाठी दोन सामने खेळला. मार्चमध्ये तो सैन्यभरतीच्या तयारीला निघून गेला. त्याला पहिल्यापासून तेच करायचं होतं. त्या वर्षी पांढुर्णा सौंसरकडून हरला, आणि मी सौंसरकडून खेळत होतो.

त्यानंतर आईने एक गोष्ट पक्की धरली. ती म्हणायची, "काकाजीनं तुले मुद्दाम धाडलं. त्याईले मालूम होतं, सौंसरचे सर तुले कॉलेजात घालतीन म्हनून. नाईतं असा हुशार मानूस चांगला पोट्टा काहून देईन?" शेडमधल्या बायकांनाही हेच पटलं होतं. हळूहळू मलाही पटलं. पटलं म्हणजे पटवून घ्यावंसं वाटलं. सुट्टीत आलो की मी शेडवर जायचो, बातम्या वाचून दाखवायचो आणि निघताना विचारायचो, "काकाजी, माझ्या सौद्याचं काय?" पुठ्ठा तारेवर असायचा, धूळ बसलेला, एका कोपऱ्यात उंदराने खाल्लेला.

"टाइम झाला नाई."

एकदा मी धीर करून म्हणालो, "आई म्हणते तुम्ही मुद्दाम पाठवलं."

ते संत्र्याचा देठ पाहत होते. "तुही आई चांगली बाई हाये," एवढंच म्हणाले. मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "खेळनं सोडलं का? टाच जड पडून राह्यली."

यंदा डिसेंबरमध्ये माझी सेमिस्टरची परीक्षा होती. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आधी तिने पेपर कसे गेले ते विचारलं, जेवलो का ते विचारलं. मग सांगितलं की काकाजी गेले. नऊ दिवस झाले होते. एका बागेत, ओळीच्या मधोमध, झाडाला टेकून बसलेले सापडले. पेपर होईपर्यंत मला सांगायचं नाही असं तिने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं, सौंसरच्या सरांकडूनही. मी तिच्यावर चिडलो नाही. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला गेलो. त्यांच्या घरी बसून आलो आणि मग शेडवर गेलो. तार होती, चिमटे होते. पुठ्ठे नव्हते. शेडवर हंगामाची गर्दी होती, नवीन माणसं कामाला होती. गोदामावशी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पेट्याईत खाली टाकाले पुठ्ठे कमी पडले रे. त्या नव्या पोट्ट्याले काय मालूम. भरून देल्ले त्यानं. गाडी गेल्यावर माह्या ध्यानात आलं."

म्हणजे माझा पुठ्ठा संत्र्यांच्या खाली अंथरला जाऊन कुठल्यातरी शहराला गेला होता. तिथे पेटी फोडून तो फेकलाही असेल. तीन वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी होता. तसंही त्यावर निकाल लिहिलेला नसणारच.

हा लेख मी इथेच संपवला होता. शेवटी एक वाक्य होतं, की काकाजींनी मला माझ्या भल्यासाठी दिलं असं मी मानतो, निकाल मिळाला नाही तरी. बाईंकडे कागद देऊन आठवडा झाला. मग संक्रांतीनंतर, सौद्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, सकाळी सरांचा फोन आला.

"दोन पुठ्ठे होते, इसरला का बे?"

मी खरंच विसरलो होतो. दुसरा सौंसरच्या क्लबच्या खोलीत होता. सरांनी सांगितलं, की दिवाळीनंतर काकाजी एकटेच बसने सौंसरला आले होते. बरोबर पिशवीभर संत्री होती. दोन पायऱ्या चढून दम लागला म्हणून बराच वेळ खुर्चीवर बसले. मग म्हणाले, तो पुठ्ठा काढ. सर म्हणाले, काकाजी, अजून टाइम बाकी हाये ना. त्यावर काकाजी म्हणाले, "झाडाचा टाइम बाकी हाये. मोजनाऱ्याचा नाई." मागच्या बाजूला लिहिलं, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून पुन्हा लटकवलं, आणि सरांना बजावून गेले की तारखेच्या आधी पोट्ट्याला वाचू द्यायचं नाही.

सरांनी पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. निळी अक्षरं थोडी हललेली आहेत. बाईंनी विचारलं, यातली भाषा नीट करू का? मी नको म्हणालो. जसं आहे तसं देतो.

"पांढुर्णा: हारला. फुलावर बाग घेतली. जे लोकाईले सांगत होतो तेच केलं. उंची पाहून भुललो. राजूले खेळाचंच नव्हतं, मी इचारलंच नाई.

सौंसर: जिंकला. चेंडू फुटला, पोट्टा टिकला.

पोट्ट्याच्या भल्यासाठी मुद्दाम देल्ला असं कोनी म्हनत असन तं ते खोटं हाये. कॉलेज माह्या ध्यानातबी नव्हतं.

आज हाच सौदा पुन्हा आला तं पोट्टा देनार नाई."

मी आईला फोन केला आणि हे वाचून दाखवलं. मागे बायकांचे आणि क्रेट ओढल्याचे आवाज येत होते.

"मंग तं तू कॉलेजात गेलाच नसता," ती म्हणाली.

"हो."

"ते शेवटचं पुन्हा वाच बरं."

मी पुन्हा वाचलं.